एका थट्टेपायी अब्राहम लिंकन तलवार घेऊन द्वंद्वाला गेले होते, त्यानंतर त्यांचा विनोद कसा बदलला?

मराठी शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांची अब्राहम लिंकन यांच्याशी पहिली ओळख होते ती हेडमास्तरांच्या खोलीबाहेर. वसंत बापट यांनी मराठीत आणलेलं लिंकन यांचं हेडमास्तरांना पत्र तिथे फ्रेम करून लावलेलं असतं. शिक्षक दिनाला तेच पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. गंमत म्हणजे हे पत्र लिंकन यांनी लिहिलं होतं याचा एकही पुरावा सापडलेला नाही.

त्या पत्रामुळे आपल्या डोक्यात लिंकन यांची एक प्रतिमा पक्की बसलीय. दाढीवाले, गंभीर, सतत चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारे आजोबा. त्यांच्यासोबत राहिलेल्या लोकांनी मात्र वेगळंच लिहून ठेवलंय. हा माणूस समोर बसला की थोड्या वेळात एखादा किस्सा निघायचाच. मग तो कोर्टात असो, न्हाव्याकडे असो की मंत्रिमंडळाच्या बैठकीत.

लिंकन यांच्या आयुष्यात २२ सप्टेंबर ही तारीख दोनदा महत्त्वाची ठरली. २२ सप्टेंबर १८४२ ला ते एका नदीतल्या बेटावर तलवारीने लढायला गेले होते, कारण त्यांनी एका माणसाची जाहीर थट्टा केली होती. बरोबर २० वर्षांनी, २२ सप्टेंबर १८६२ ला, त्यांनी मंत्र्यांना बोलावलं, आधी एक विनोदी गोष्ट वाचून दाखवली आणि मग गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा पुढे ठेवला.

या दोन तारखांच्या मध्ये नेमकं काय बदललं? त्याचीच ही गोष्ट.

वडिलांच्या गप्पा ऐकणारा मुलगा

१२ फेब्रुवारी १८०९ ला केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात अब्राहमचा जन्म झाला. वडील थॉमस शेती आणि सुतारकाम करायचे. त्यांना लिहिता-वाचता जेमतेमच यायचं, पण गोष्ट सांगण्यात ते पटाईत होते. संध्याकाळी शेजारीपाजारी जमले की त्यांच्या गप्पा रंगायच्या आणि छोटा अब्राहम कोपऱ्यात बसून ऐकायचा.

मोठ्यांच्या बोलण्यातलं सगळं त्याला कळायचं नाही. मग रात्री झोप यायची नाही. ऐकलेलं डोक्यात घोळवायचं, सोप्या शब्दांत मांडायचं आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगायचं, ही त्याची सवय. आयुष्यात सगळी मिळून एक वर्षही शाळा न पाहिलेल्या या मुलाचं बोलण्याचं शिक्षण असं झालं.

घरात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. कुटुंब इंडियाना राज्यात आलं आणि १८१८ साली आई नॅन्सी गेली. अब्राहम तेव्हा ९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी आलेल्या सावत्र आईने त्याला जीव लावला. पण १८२८ साली त्याची मोठी बहीण सारा बाळंतपणात दगावली. तिच्या सासरच्यांनी वेळेवर डॉक्टर बोलावला नाही, असा राग अब्राहमच्या मनात राहिला.

सासरचं आडनाव होतं ग्रिग्सबी. पुढे त्यांच्या घरात दोन भावांची लग्नं एकत्र झाली आणि लिंकन कुटुंबाला बोलावणं आलं नाही. अब्राहमने यावर बायबलच्या भाषेची नक्कल करत एक विडंबन लिहिलं. दोन्ही नवरदेव पहिल्या रात्री चुकून भलत्याच खोलीत पाठवले गेले, असा त्याचा मसाला. गावात ते तोंडोतोंडी पसरलं आणि ग्रिग्सबींची पुरती शोभा झाली.

आपल्या शब्दांनी माणसाला घायाळ करता येतं, हे विशीच्या उंबरठ्यावरच्या या मुलाला कळलं होतं. ते करावं का, हा प्रश्न त्याला अजून पडला नव्हता.

नक्कल एवढी जमली की समोरचा रडला

१८३१ मध्ये लिंकन इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम गावी आले. दुकानात काम केलं, पोस्टमास्तर झाले, कायद्याची पुस्तकं वाचून वकील झाले. १८३४ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. ६ फूट ४ इंच उंची, तोकडे कपडे, हाडकुळा चेहरा. दिसण्यावर मतं मिळण्यासारखं काही नव्हतं. पण ते बोलायला उभे राहिले की गर्दी जमायची.

या काळात त्यांच्या विनोदाला धार होती आणि ती बहुतेक वेळा विरोधकांवर चालायची. १८४० च्या निवडणुकीत जेसी थॉमस नावाच्या विरोधी पक्षाच्या नेत्याने भाषणात लिंकन आणि त्यांच्या साथीदारांवर टीका केली. लिंकन उत्तर द्यायला उभे राहिले आणि त्यांनी थॉमस यांची नक्कलच सुरू केली. त्यांचा आवाज, त्यांची चाल, हातवारे, सगळं. गर्दी जसजशी हसत गेली तसतसे लिंकन चढत गेले. थॉमस समोरच होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिथून निघून गेले.

स्प्रिंगफिल्डमध्ये हा प्रसंग बरेच दिवस चघळला गेला. मित्रांच्या दृष्टीने तो विजय होता. लिंकन यांना मात्र ते लागलं. त्यांनी नंतर थॉमस यांना गाठून माफी मागितली.

एवढ्यावर धडा मिळायला हवा होता. पण दोनच वर्षांनी त्यांनी त्याहून मोठा घोळ घातला.

रिबेका नावाच्या बाईचं पत्र

१८४२ साली इलिनॉयची स्टेट बँक बुडाली होती. लोकांच्या हातात त्या बँकेच्या नोटा होत्या, पण त्यांना किंमत उरली नव्हती. अशात राज्य सरकारने ठरवलं की कर भरताना या नोटा घेतल्या जाणार नाहीत, सोनं किंवा चांदीच लागेल. शेतकऱ्यांकडे ते कुठून येणार? हा आदेश काढणारे अधिकारी होते राज्याचे लेखापाल जेम्स शील्ड्स. ते लिंकन यांच्या विरोधी पक्षाचे.

लिंकन यांनी 'संगामो जर्नल' या वर्तमानपत्रात एक पत्र लिहिलं. स्वतःच्या नावाने नाही, तर रिबेका नावाच्या एका खेडवळ बाईच्या नावाने. भाषाही तशीच गावरान. बँकेच्या प्रश्नावर टीका होतीच, पण पत्र तिथे थांबलं नाही. शील्ड्स खोटारडे आहेत, मूर्ख आहेत, बायकांच्या घोळक्यात मिरवताना आपण इतके देखणे असून सगळ्यांशी लग्न करू शकत नाही याचंच त्यांना दुःख होतं, असं सगळं त्यात रंगवलेलं होतं.

थोडक्यात, धोरणावरची टीका माणसाच्या अंगावर गेली.

त्यात आणखी भर पडली. मेरी टॉड, म्हणजे लिंकन यांची होणारी बायको, आणि तिची मैत्रीण या दोघींनी मिळून रिबेकाच्याच नावाने आणखी मजकूर छापून आणला. शहरभर लोक हसत होते. शील्ड्स संतापले. त्यांनी संपादकाकडे लेखकाचं नाव मागितलं. लिंकन यांनी संपादकाला सांगितलं की माझं नाव देऊन टाका. मेरीचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही.

शील्ड्स यांनी थेट द्वंद्वाचं आव्हान दिलं. इलिनॉयमध्ये द्वंद्वाला कायद्याने बंदी होती, म्हणून मिसिसिपी नदीतलं मिसुरीच्या बाजूचं एक बेट ठरलं. हत्यार निवडायचा अधिकार आव्हान मिळालेल्याचा. लिंकन यांनी पिस्तूल न निवडता घोडदळाच्या मोठ्या तलवारी निवडल्या. मध्ये एक फळी रोवायची आणि ती कुणीही ओलांडायची नाही, अशी अट घातली. लिंकन यांचे हात इतके लांब होते की त्यांच्यापेक्षा बरेच बुटके असलेले शील्ड्स त्यांच्यापर्यंत पोहोचूच शकले नसते.

२२ सप्टेंबरला दोघं बेटावर पोहोचले. पण दोन्हीकडच्या मित्रांनी शेवटच्या क्षणी मध्यस्थी केली. पत्र केवळ राजकीय हेतूने लिहिलं होतं, शील्ड्स यांच्या चारित्र्यावर डाग लावायचा विचार नव्हता, असं लिंकन यांच्या बाजूने लेखी दिलं गेलं आणि प्रकरण मिटलं.

दीडच महिन्याने, ४ नोव्हेंबर १८४२ ला, लिंकन आणि मेरी यांचं लग्न झालं. द्वंद्वाचा विषय मात्र घरात निघू नये, असं दोघांनी ठरवलं. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना एका लष्करी अधिकाऱ्याने गमतीत ही आठवण काढली, तेव्हा लिंकन यांचा चेहरा उतरला. मैत्री टिकवायची असेल तर हा विषय पुन्हा नको, असं त्यांनी त्याला बजावलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर किस्सा सांगणाऱ्या माणसाने या एका गोष्टीचा किस्सा कधीच केला नाही.

आणि शील्ड्स? यादवी युद्धात ते लिंकन यांच्याच सैन्यात ब्रिगेडियर जनरल म्हणून लढले.

थट्टेचं तोंड स्वतःकडे वळलं

बेटावरून परतल्यावर लिंकन एका रात्रीत बदलले असं नाही. टोमणे मारणं काही सुटलं नाही. पण निनावी पत्रं बंद झाली आणि हळूहळू एक फरक दिसायला लागला. आता ते पहिला चिमटा स्वतःला काढायचे.

१८४८ मध्ये ते अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये होते. विरोधी पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कॅस यांना युद्धवीर म्हणून मिरवलं जात होतं. लिंकन यांनी त्याची टर उडवली, पण स्वतःला मध्ये घालून. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात आपणही होतो, शत्रू काही दिसला नाही, पण डासांशी मात्र रक्तरंजित लढाया झाल्या, असं त्यांनी सभागृहात सांगितलं.

दिसण्याचंही तसंच. १८५६ मध्ये इलिनॉयमधल्या संपादकांच्या एका मेळाव्यात त्यांना बोलावलं होतं. आपण संपादक नसताना इथे काय करतोय, हे अवघडलेपण त्यांनी एका गोष्टीतून सांगितलं. एका कुरूप माणसाला रस्त्यात घोड्यावरची एक बाई भेटते आणि सांगते की, तुझ्याइतका कुरूप माणूस मी पाहिला नाही. तो म्हणतो, माझा इलाज नाही. त्यावर ती म्हणते की, निदान घरी तरी बसायचंस. संपादक हसले आणि अवघडलेपण गेलं.

विरोधकांवर बोलायची वेळ आली तर आता निशाणा त्यांच्या युक्तिवादावर असायचा. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लस यांच्याशी त्यांचे सात जाहीर वाद झाले. मुद्दा होता नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची की नाही. तिथल्या लोकांनी ठरवावं, अशी डग्लस यांची भूमिका. सर्वोच्च न्यायालयाच्या ड्रेड स्कॉट निकालानंतर या भूमिकेत काही दम उरला नाही, हे सांगताना लिंकन यांनी तिची तुलना सूपशी केली. कसलं सूप? तर उपाशी मेलेल्या कबुतराची नुसती सावली उकळून बनवलेलं. डग्लस यांच्या नाकाडोळ्यांबद्दल एक शब्दही नाही आणि तरी युक्तिवादाचा फुगा फुटला.

ती जागा डग्लस यांना मिळाली, पण या वादांनी लिंकन देशभर पोहोचले.

हसवणारा माणूस आतून उदास होता

लिंकन यांच्या ओळखीतल्या लोकांनी त्यांच्या विनोदाइतकंच त्यांच्या उदासीबद्दल लिहिलंय. १८४१ च्या सुरुवातीला मेरीशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हा ते इतके खचले की मित्र जोशुआ स्पीड यांनी त्यांच्या खोलीतला वस्तरा उचलून नेला. पुढे लग्न जुळलं, वकिली चालली, पण उदासी पूर्ण गेली नाही. १८५० मध्ये त्यांचा धाकटा मुलगा एडी गेला, तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता.

त्या काळात इलिनॉयमध्ये न्यायाधीश आणि वकील गावोगाव फिरून कोर्ट भरवायचे. रात्री खानावळीत एकेका पलंगावर दोघं-दोघं झोपायचे. या रात्री लिंकन यांच्या किश्शांनी गाजायच्या. काही किस्से अगदी चावट असायचे, काही आज कुणी खपवूनही घेणार नाही. पण हास्याचा भर ओसरला की तोच माणूस शेकोटीकडे बघत तासन् तास गप्प बसलेला दिसायचा.

विनोद हे आपलं औषध आहे, हे ते स्वतःही मान्य करायचे. मात्र सगळे किस्से आपले नाहीत, हेही सांगायचे. आपण माल बनवणारे कारखानदार नसून नुसते किरकोळ विक्रेते आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं.

'नाही' कसं म्हणायचं?

१८६० मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पदभार घेतला आणि थोड्याच दिवसांत, एप्रिल १८६१ मध्ये, यादवी युद्ध पेटलं. व्हाइट हाऊसमध्ये मात्र रोज वेगळीच गर्दी. कुणाला नोकरी हवी, कुणाला भावाची बढती, कुणाला कंत्राट. लिंकन जमेल तितक्यांना भेटायचे आणि बहुतेकांना नकार द्यावा लागायचा.

इथे त्यांच्या किश्शांचा खरा उपयोग झाला. थेट नाही म्हटलं की माणूस दुखावतो, वाद घालतो. गोष्ट सांगितली की तो हसतो आणि हसता हसता त्याला उत्तर कळतं.

नोव्हेंबर १८६३ मध्ये गेटिसबर्गहून परतल्यावर त्यांना सौम्य स्वरूपाची देवी आली. लोकांनी भेटायला येऊ नये असं सांगावं लागलं. तेव्हा ते म्हणाले की, आता कुठे माझ्याकडे सगळ्यांना पुरेल असं द्यायला काहीतरी आहे, तर कुणी यायला तयार नाही.

जनरल जेम्स फ्राय यांनी नोंदवलेला एक प्रसंग तर संवाद कसा साधावा याचा धडाच आहे. एका राज्याचे गव्हर्नर सैन्यभरतीवरून प्रचंड संतापून वॉशिंग्टनला आले होते. लिंकन यांच्याकडे गेले आणि काही तासांनी हसत बाहेर पडले. फ्राय यांना वाटलं, राष्ट्राध्यक्षांनी मोठी सवलत दिली असणार. त्यांनी विचारलं तर लिंकन यांनी काहीच दिलं नव्हतं. मग त्यांनी एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या शेतात मधोमध एक ओंडका पडला होता. फोडायला फार चिवट, जाळायला फार ओला, उचलायला फार जड. मग त्याने काय केलं? त्याला वळसा घालून नांगरट केली. आपणही गव्हर्नरांना वळसा घातला, फक्त त्याला तीन तास लागले, असं लिंकन यांनी सांगितलं.

माणसं मरत असताना हसायचं का?

हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला, आणि तो चुकीचा नव्हता. रोज मृतांच्या याद्या छापून येत होत्या आणि राष्ट्राध्यक्ष किस्से सांगत होते. विरोधी वर्तमानपत्रांनी त्यांना विदूषक ठरवलं.

१८६२ मध्ये काँग्रेसचे सदस्य जेम्स अ‍ॅशले युद्धाच्या परिस्थितीबद्दल चिंता घेऊन आले. लिंकन यांनी सवयीने एक गोष्ट सुरू केली. अ‍ॅशले उठून उभे राहिले. मी गंमत ऐकायला आलेलो नाही, असं त्यांनी सुनावलं. लिंकन यांनी त्यांना शांतपणे बसवलं. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण अधूनमधून ही वाट मोकळी झाली नाही तर मी जगणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा ११ वर्षांचा मुलगा विली व्हाइट हाऊसमध्येच वारला होता.

सगळ्यात वाईट आरोप अँटिएटमचा होता. १७ सप्टेंबर १८६२ च्या या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. प्रेतं पडलेली असताना लिंकन यांनी मित्र वॉर्ड लॅमन यांना एक थिल्लर गाणं म्हणायला लावलं, असं १८६४ च्या निवडणुकीत छापून आलं. प्रत्यक्षात लिंकन तिथे गेले होते ते लढाईनंतर दोन आठवड्यांनी, आणि गाणं झालं होतं रणांगणापासून दूर, प्रवासात. एक दुःखी गाणं ऐकून ते खिन्न झाले, म्हणून लॅमन यांनी हलकंफुलकं गाणं म्हटलं. लिंकन यांनी लॅमन यांच्या नावाने खुलासा लिहूनही ठेवला, पण छापायला दिला नाही.

याच अँटिएटमनंतर पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, मंत्रिमंडळाची बैठक झाली. लिंकन यांच्या हातात त्या काळचे लोकप्रिय विनोदी लेखक आर्टेमस वॉर्ड यांचं पुस्तक होतं. त्यांनी त्यातली एक गोष्ट वाचली. एक खेळवाला येशूच्या शेवटच्या भोजनाचे मेणाचे पुतळे घेऊन गावोगाव फिरतो आणि युटिका गावातला एक दांडगा माणूस येशूचा घात करणाऱ्या जुडासच्या पुतळ्याला ओढून बाहेर काढतो आणि बदडतो. अर्थमंत्री सॅमन चेस यांनी डायरीत लिहिलंय की लिंकन यांना फार मजा आली, इतरही हसले, फक्त युद्धमंत्री एडविन स्टँटन हसले नाहीत.

मग लिंकन यांचा आवाज बदलला. त्यांनी कागद काढला. बंडखोर राज्यांतले गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त असतील, असा तो जाहीरनामा होता. हे करायचं की नाही यावर त्यांना सल्ला नको होता. निर्णय झालेला होता.

जिथे विनोद नव्हता

या जाहीरनाम्यात एकही हलका शब्द नाही. गेटिसबर्गच्या छोट्या भाषणात नाही. ४ मार्च १८६५ ला दुसऱ्यांदा शपथ घेताना केलेल्या भाषणातही नाही. विनोद माणसांना जवळ आणण्यासाठी, नकार सुसह्य करण्यासाठी आणि स्वतः तग धरण्यासाठी होता. जिथे दुसऱ्यांच्या मरणाबद्दल बोलायचं होतं तिथे लिंकन यांनी तो बाजूला ठेवला.

३१ जानेवारी १८६५ ला गुलामगिरी कायमची संपवणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली. ती पुढे रेटण्याची जबाबदारी होती जेम्स अ‍ॅशले यांच्यावर. म्हणजे तेच, जे गोष्ट अर्धवट तोडून उभे राहिले होते.

९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. पाच दिवसांनी, १४ एप्रिलच्या रात्री, लिंकन आणि मेरी वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये नाटक बघायला गेले. नाटक विनोदी होतं. जॉन विल्क्स बूथ स्वतः नट होता, नाटक त्याला पाठ होतं. कोणत्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पिकतो हे त्याला माहीत होतं. त्या हशात गोळीचा आवाज दबेल, म्हणून तो त्या वाक्याची वाट बघत थांबला.

वाक्य आलं. प्रेक्षागृह हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले.